भारावलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. पण माझ्यातून आजवर पिठाचा एक कणसुद्धा गेलेला नाही. रवा नाही, वाळू नाही. चहा गाळायला तर माझा काडीचा उपयोग नाही. माझं खरं नाव लांबलचक आहे. ते माझ्या पाठीवरच्या पट्टीवर कोरलेलं आहे आणि शेवटपर्यंत वाचायचा धीर आजवर कुणाला झालेला नाही. एका इस्पितळाच्या तळघरात मी कामाला होते. तिथली माणसं मला 'चाळण' म्हणायची. मलाही ते आवडायचं. नाव छोटं असलं की हाक पटकन मारता येते.

माझा जन्म अशा खोलीत झाला जिथे धुळीला प्रवेश नव्हता. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत, आणि कुणाला शिंक आली तर तो तोंड दाबून बाहेर पळे. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ प्लास्टिकचा पडदा घेतला, त्याला दोन्ही बाजूंनी तांब्याचा मुलामा दिला, आणि मग त्यात भोकं पाडली. केसाहून बारीक भोकं, आणि ती इतकी, की मोजायला बसणाऱ्याची नातवंडं म्हातारी व्हावीत. एका बाईने मला भिंगाखाली धरून भोक न् भोक तपासलं.

"हिच्यात खोट नाही," ती शेजारणीला म्हणाली.

"सुनेलाही असंच भिंगाखाली धरलं असशील," शेजारीण म्हणाली, "म्हणून ती बसलीये माहेरी जाऊन."

दोघी हसल्या, मला चौकटीत ताणून बसवलं आणि पेटीत बंद केलं. 'खोट नाही' हे माझं पहिलं कौतुक. ते मी पुष्कळ वर्षं जपून ठेवलं होतं.

माझं काम काय, ते आता सांगते. काही पदार्थांतून सतत किरण बाहेर पडत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत, कातडीला चटका देत नाहीत. ते ओळखायचे आणि माणसांना सावध करायचं, एवढंच माझं काम. त्यासाठी माझ्या पेटीत एक वायू खेळता ठेवलेला असे. आरगॉन त्याचं नाव. स्वभावाने आळशी, कुणाशी भांडण नाही, कुणाशी सलगी नाही. पण किरण आत घुसला की त्या आळशाच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन उडून निघायचा. एकटा इलेक्ट्रॉन तो केवढा! त्याने कितीही बोंब मारली तरी कुणाला ऐकू जाणार? तो बिचारा विजेच्या ओढीने माझ्या एखाद्या भोकाकडे धावत येई. भोकाच्या गळ्याशी ती ओढ फार जबर. तिथे तो असा काही सुसाट सुटे की वाटेतल्या अणूंना धडका देऊन आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करी. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. शिरताना एकटा, निघताना झुंड! ही जी वाढ व्हायची ना, तिच्यावर माझी सगळी इभ्रत. वाढ चांगली झाली की माझी हाक मोठी. हाक एका ठरलेल्या रेषेच्या वर गेली की तांबडा दिवा आणि घंटा. रेषेच्या खाली राहिली तर हिरवा दिवा तसाच. रेषा हवीच, नाहीतर मी उगाचच्या कुजबुजीलाही घंटा वाजवत बसले असते आणि माणसांनी कानात बोळे घातले असते.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माझ्या भोकाच्या दोन्ही तोंडांशी तांबं आणि मधली भिंत प्लास्टिकची. तांबं उदार. आलेल्याला ते पुढे वाट देतं. प्लास्टिकचं तसं नाही. गर्दीत एखादा इलेक्ट्रॉन भिंतीला चिकटला की तो चिकटलाच. त्याच्यामागून दुसरा, तिसरा, चौथा. असा भिंतींवर भार साचत जातो आणि तो लवकर उतरत नाही. मग हे भिंतीवर बसलेले, नव्याने येणाऱ्यांना भिंतीपासून लोटतात, भोकाच्या ऐन मध्यात, जिथे वाट मोकळी असते. त्यामुळे जास्त जण पार होतात आणि वाढ आणखी होते. माझ्या घडणीत तरी असं होई. दुसऱ्या घडणीच्या चाळण्यांत भार साचला की वाढ घटते, असंही ऐकून आहे. थोडक्यात काय, माझ्या अंगावर जिथे किरण सारखे पडतात ती जागा भारावते, आणि भारावलेली जागा इतरांपेक्षा मोठ्याने बोलते. सभेत नाही का, ज्याच्या हातात सारखा माइक पडतो त्याचा आवाज दिवसेंदिवस चढतच जातो? तसंच.

इस्पितळात वरच्या मजल्यावर एक वॉर्ड होता. तिथे रुग्णांच्या गाठीत धातूचे बारीक दाणे बसवत. तांदळाच्या दाण्याएवढे. त्यांच्यातून किरण निघत आणि गाठ आतल्या आत जिरवत. जागच्या जागी असला तर तो दाणा म्हणजे औषध. पण दाणा बारीक, माणसांची बोटं जाड. कधी एखादा निसटायचा, चादरीत अडकायचा, आणि चादरीबरोबर धुलाईत निघायचा. म्हणून त्या वॉर्डातून आलेलं प्रत्येक गाठोडं माझ्यावरून सरकवून मगच पुढे जाई. एरवी माझ्यावरून स्वच्छ कपडेच जात, त्यामुळे मला बहुतेक वेळ गप्पच बसावं लागे. गप्प बसण्याचा पगार मिळाला असता तर मी श्रीमंत झाले असते.

माझी देखभाल करणाऱ्या बाईंना सगळं तळघर 'थोरल्या' म्हणे. कारण समोरच्याच खोलीत, काचेच्या दारापलीकडे, फाटक्या चादरी शिवायला त्यांच्या जाऊबाई बसत, त्या धाकट्या. दोन सख्ख्या भावांच्या बायका, एकाच घरात राहणाऱ्या, एकाच डब्यात भाजी आणणाऱ्या. धाकट्यांना सातवा महिना लागला होता.

थोरल्या फार नेटक्या. माझ्यावर कुणी पाण्याचा पेला ठेवला तर त्याची सात पिढ्यांची चौकशी होई. रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसत, वायूची नळी तपासत, आणि मग खणातून एक बटण काढत. कोटाच्या बटणाएवढी चकती, तिच्यातून अगदी थोडे किरण निघत. ते माझ्यावर ठेवायचं, मी हाक द्यायची, आणि हाक किती मोठी ते काटा दाखवी. काटा खुणेवर आला की मी ठीक. खुणेच्या पुढे गेला तर त्या विजेचा दाब थोडा कमी करत, मागे राहिला तर थोडा वाढवत. बटण मात्र त्या नेहमी माझ्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात ठेवत. तिथे चौकटीच्या स्क्रूचं डोकं जरा वर आलेलं होतं. त्याला टेकलं की बटण घरंगळत नसे. ते तसंच ठेवून त्या बाकीची झाडझूड करत, चहा पीत, कुणाला तरी दोन शब्द सुनावत, आणि मग ते उचलून आत ठेवत.

धाकट्या समोरून हे रोज बघत. बघण्याशिवाय करणार काय? दोघींचं बोलणं बंद होतं.

भांडण शिवणयंत्रावरून. घरात धाकट्यांचं शिवणयंत्र खिडकीशी होतं. बाळ येणार, त्याला जागा हवी, म्हणून थोरल्यांनी एक दिवस ते उचलून बोळात नेऊन ठेवलं. बोळात उजेड नाही. धाकट्या संध्याकाळी घरी आल्या तर खिडकी रिकामी. "मला विचारलं का नाहीत?" "विचारलं की! सासूबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या." झालं. त्या दिवसापासून 'ताई'च्या 'जाऊबाई' झाल्या, आणि मग 'जाऊबाई'ही बंद झालं. दोघींचे निरोप ढकलगाडीवाला ने-आण करी. त्याला सगळे 'तुफान' म्हणत, कारण त्याच्याइतका सावकाश चालणारा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता.

आता बटणाचं. जुनं बटण थकलं होतं, त्याचे किरण मंदावले होते, म्हणून थोड्याच दिवसांपूर्वी नवं आणलं. नवं बटण तरणंबांड. ते कोपऱ्यात टेकलं की माझ्या तिथल्या भोकांत किरणांची झोड उठे. भिंतींवर भार चढू लागला. कोपरा भारावला, त्याची हाक चढली, काटा खुणेच्या पुढे गेला. थोरल्यांनी दाब थोडा उतरवला. काटा खुणेवर आला. दुसऱ्या दिवशी कोपरा आणखी चढला. दाब आणखी थोडा उतरला. असं होता होता कोपरा जेमतेम जागेवर आणि माझं बाकीचं सगळं अंग अर्धवट झोपेत. कोपऱ्यावर भाराचं बळ होतं. बाकीच्या भोकांच्या वाट्याला काय आलं? नुसता उतरलेला दाब.

पण काटा रोज खुणेवर येत होता. आणि काटा खुणेवर आला की माणूस निर्धास्त.

त्या दिवशी तुफान वॉर्डातलं गाठोडं घेऊन आला. थोरल्यांनी ते सोडून एकेक कपडा माझ्यावरून सरकवायला सुरुवात केली. उशीचा अभ्रा गेला. टॉवेल गेला. मग एक चादर आली, तिची किनार एका बाजूने उसवलेली, आणि माझ्या मधोमध काहीतरी टोचलं.

मित्रांनो, मला कळलं. किरण आत घुसले, वायूतून इलेक्ट्रॉन उडाले, माझ्या मधल्या भोकांकडे धावले. मी सगळं बळ एकवटलं. पण ओढच कमी, तर वाढ कुठून होणार? झुंड छोटी निघाली. हाक उठली, वर चढली, रेषेच्या जराशी खाली पोचली आणि विझली.

दिवा हिरवाच.

"हिची किनार उसवलीये," थोरल्या तुफानला म्हणाल्या. "अशीच धुलाईत गेली तर चिंध्या होतील. तिकडे दे."

'तिकडे' म्हणजे समोर. नाव घ्यायचं नाही, असं ठरलेलं.

काचेतून मी बघत राहिले. धाकट्यांनी चादर मांडीवर ओढली. मांडी आता फारशी उरलीच नव्हती, म्हणून त्यांनी ती पोटावर पसरली, सुईत दोरा ओवला आणि उसवलेल्या किनारीला टाके घालू लागल्या.

"पोटाचं टेबल झालंय बघ," त्या तुफानला म्हणाल्या. "फुकटात. सुतार नको की खिळे नकोत."

तुफान हसला. मला हसू येईना.

थोड्या वेळाने जिन्यावरून पावलं वाजली. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर पुढे, मागे डॉक्टर. सिस्टरांचा चेहरा उतरलेला.

"एक दाणा कमी भरतोय," त्या म्हणाल्या. "काल बसवलेले आणि डबीत परतलेले मिळून एक कमी. वर हातातलं यंत्र घेऊन शोधतायत. इथलं काय?"

"इथलं सगळं हिरवं," थोरल्या म्हणाल्या.

"यंत्र ठीक आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्या देखत तपासते."

खण उघडला. बटण निघालं. थोरल्यांचा हात आपसूक पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला, बटण स्क्रूला टेकलं. कोपरा ठणठणीत बोलला. काटा खुणेवर, घंटा वाजली, तांबडा दिवा लागला. कोपरा खोटं बोलला नाही, मित्रांनो. त्याला स्वतःपुरतं माहीत होतं, तेवढं त्याने सांगितलं. माझं बाकीचं अंग तळमळत होतं, पण त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"छान. म्हणजे कपड्यांत नाही," डॉक्टर म्हणाले. "मग गादी, मोरी, नाहीतर पायाला चिकटून कुठे गेला असेल. चला सिस्टर." जाता जाता ते थांबले. त्यांनी काचेतून समोर पाहिलं. "त्या बसल्यात, त्यांना तेवढा वेळ इमारतीबाहेर पाठवून द्या. या दिवसांत उगाच धोका नको."

थोरल्यांनीही समोर पाहिलं. धाकट्यांनी चप्पल काढून पाय एका बाकड्यावर ठेवले होते. घोटे टम्म सुजलेले.

"कपडे तर स्वच्छ आहेत, डॉक्टर," थोरल्या म्हणाल्या. "दोन जिने चढायला लावून काय मिळवायचं? पाय बघा तिचे. बसू दे तिथंच निवांत."

त्यांच्या आवाजात माया होती. भांडण चालू असतानाची माया. तिला दार लागतं, खिडकी लागते, समोरून कधी येत नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि दोघं घाईने वर गेली.

समोर सुई चालत होती. टाका वर, टाका खाली. उसवलेली किनार एका टोकाकडून बंद होत चालली होती. दाणा त्या किनारीच्या दुमडीत होता. धाकट्या टाका घालत आणि चादर थोडी पुढे ओढत; टाका घालत आणि ओढत. प्रत्येक ओढीबरोबर तो त्यांच्या पोटाच्या मध्याकडे सरकत होता. एका दाण्याने घटकाभरात आभाळ कोसळत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती किनार एकदा शिवली की दाणा आत कायमचा बंद. मग ती चादर धुतली जाणार, घडी होणार, आज ह्या खाटेवर, उद्या त्या. आणि माझ्यावरून पुन्हा गेली तरी मी हिरवाच दिवा दाखवणार. शिवाय धाकट्या चांगल्या शिवणाऱ्या. त्यांचा टाका सहसा उसवत नसे.

थोरल्यांना चैन पडेना. दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. शेवटी तुफानला म्हणाल्या, "तिला सांग, घाबरायचं काही कारण नाही. इथलं सगळं तपासलंय. आरामात बस म्हणावं."

तुफान निघाला. दहा पावलांचं अंतर. पण तुफानच तो. गेला, उभा राहिला, बोलला, ऐकलं, परत आला.

"त्या म्हणतात, घाबरायचं कशाला ते आधी सांगा तरी."

थोरल्यांनी डोळे मिटले. दाणा हरवलाय हे धाकट्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! तोवर समोरचं दार उघडलं आणि धाकट्या स्वतःच आल्या. हातावर ती चादर, चादरीला लटकलेली सुई, कपाळावर आठी.

"काय हरवलंय?"

"दाणा," थोरल्या म्हणाल्या. "पण कपड्यांत नाहीये. तू जा, बस."

"आणि हे मला आत्ता कळतंय?"

"तुला कशाला घोर लावायचा? डॉक्टर तुला बाहेर पाठवत होते, मीच नको म्हटलं. पाय सुजलेत तुझे."

"पाय माझे आहेत, जाऊबाई. सुजलेले असले तरी माझेच आहेत. मला विचारायचं होतंत."

"अगं, यंत्राला विचारलं ना मी!"

"यंत्राला!" धाकट्या हसल्या, ते हसू ऐकून तुफान हळूच दाराकडे सरकला. "रोज बघते मी काचेतून. यायचं, त्या एका कोपऱ्यात बटण ठेवायचं, तो कोपरा हो म्हणाला की झालं काम. घरी तरी वेगळं काय करता? सासूबाईंना विचारलं की सगळ्या घराला विचारलं! मी मधोमध बसलेली असते, पण माझ्याकडे बटण कधी येतच नाही."

"मी जरा गाडीला तेल घालून—" तुफान म्हणाला.

"थांब तिथंच!" दोघी एकदम म्हणाल्या.

थोरल्यांचा चेहरा लाल झाला. काहीतरी झणझणीत उत्तर ओठांवर आलेलं होतं; मी त्यांना ओळखून होते, उत्तर तयार असायचंच. पण ते तिथेच ठेवून त्या माझ्याकडे बघू लागल्या. कोपऱ्याकडे पाहिलं. मग माझ्या मध्याकडे. मग काट्याकडे, आणि त्या दाबाच्या चक्रीकडे, जी त्यांनी रोज थोडी थोडी मागे फिरवली होती.

खण उघडून त्यांनी पुन्हा बटण काढलं. त्यांनी ते माझ्या मधोमध ठेवलं. तिथे टेकायला काही नव्हतं. घरंगळायला लागलं, तर बोटाने धरून ठेवलं.

मित्रांनो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्या मध्याला विचारत होतं. मी होतं नव्हतं तेवढं बोलले. काटा उठला, थरथरला आणि खुणेच्या बऱ्याच अलीकडे थबकला. घंटा नाही. दिवा हिरवा.

बटण दुसऱ्या टोकाला. हिरवा. मागच्या कडेला. हिरवा. परत डाव्या कोपऱ्यात. तांबडा, टणटण.

  थोरल्यांनी मान वर केली, आणि त्यांची नजर धाकट्यांच्या हातावरच्या चादरीवर गेली.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"ही मधून गेली होती. माझ्या डोळ्यांसमोर, मधून गेली होती ही." आवाज अगदी खाली आलेला. "ऐक माझं. झटकू नकोस. पोटापासून लांब धर. आता हळूहळू टेबलावर सोड. तान्ह्या बाळाला ठेवतात तशी. शाब्बास. आता मागे हो. आणखी मागे. तुफान, हिला दारापाशी खुर्ची दे."

आणि काय सांगू, तुफान धावला! मी स्वतः पाहिलं.

दाब वाढवून मला नीट करायचं तर वेळ जाणार होता. दाब बदलला की भार नव्याने साचेपर्यंत माझं बोलणं स्थिर राहत नाही. थोरल्या तेवढा वेळ थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी बटण खणात टाकलं, हातमोजे चढवले, चादरीची किनार दोन चिमट्यांत धरली आणि त्या एकाच जाग्या कोपऱ्यावरून वीत वीत ओढायला सुरुवात केली. आधी शिवलेला भाग. हिरवा. पुढची वीत. हिरवा. सुई लटकत होती तिथवर आल्या. धाकट्यांनी दोन्ही हात पोटावर धरले होते. 

सुईच्या पुढची वीत कोपऱ्यावर आली आणि माझा कोपरा असा गरजला की काटा पार टोकाला जाऊन आपटला. तांबडा. टणटणटण.

दुमडीत दाणा होता. चांदीसारखा, निरागस, जणू काही केलंच नाही. आणखी चार टाके पडले असते तर आतच राहिला असता. थोरल्यांनी तो लांब चिमट्याने उचलला, शिशाच्या डबीत टाकला, झाकण घट्ट लावलं. मग त्या तिथेच, फरशीवर बसल्या.

डॉक्टर आले. त्यांनी धाकट्यांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "या दाण्याचे किरण दुबळे असतात आणि वेळही थोडा गेलाय. मला काळजीचं कारण दिसत नाही. पण गोड बोलून वेळ मारून नेणार नाही. नीट हिशेब मांडतो आणि आकडा तुम्हालाच दाखवतो." आणि तसा तो दाखवलाही. आकडा खरंच किरकोळ निघाला, तरी धाकट्यांनी बाळंतपणापर्यंत तपासण्या चुकवल्या नाहीत. त्याच दिवशी डॉक्टरांनी बटण घेऊन माझं अंग चाचपलं आणि थोरल्यांना भिंतींवर साचणाऱ्या भाराची गोष्ट समजावली.

"म्हणजे माझ्या लाडाने कोपरा चढून बसला," थोरल्या म्हणाल्या.

"शास्त्रात तसं लिहीत नाहीत," डॉक्टर म्हणाले, "पण हो."

नवं बटण आल्यापासून गेलेले सगळे कपडे हातातल्या यंत्राने पुन्हा तपासले. आणखी काही निघालं नाही. माझी रीत मात्र बदलली. रोज सकाळी बटण माझ्या सगळ्या अंगावरून फिरू लागलं. आज या ओळीने, उद्या त्या ओळीने, आणि एका जागी फार वेळ नाही. घरंगळू नये म्हणून धाकट्यांनी त्याला कापडाची छोटी चुंबळ शिवून दिली. माझी सगळी भोकं हळूहळू एका आवाजात बोलू लागली. कोपऱ्याला सुरुवातीला जरा जड गेलं असेल. पण त्याचंही अंग हलकं झालं.

त्याच आठवड्यात थोरल्या काचेचं दार उघडून समोर गेल्या. निरोप्या न पाठवता.

"यंत्र परत खिडकीशी आणू का गं? तुला काय वाटतं?"

धाकट्यांनी दोरा दातांनी तोडला. 

"नको, ताई," त्या म्हणाल्या. "खिडकीशी बाळच बरं. बोळात एक दिवा तेवढा लावून द्या." आणि मग, मान खाली घालूनच, "विचारलंत, बास."

म्हणजे शेवटी शिवणयंत्र बोळातच राहिलं! तुफानला ही गंमत काही कळेना. तो कितीतरी दिवस म्हणत होता, "मग भांडलात कशाला?"

बाळ मुलगी निघाली. तिला घेऊन धाकट्या पहिल्यांदा तळघरात आल्या तेव्हा तिने असा सूर लावला, की ती हाक माझ्या रेषेच्या फार, फार वर होती.

आता माझं काम संपलं आहे. माझ्या जागी नवी, चकचकीत चाळण आली. माझी नळी काढली, वीज तोडली आणि शिकाऊ लोकांच्या खोलीत कपाटावर ठेवून दिलं. भिंतींवरचा भार केव्हाच ओसरला. सगळी भोकं सारखीच गप्प आहेत. माझ्यावर धूळ बसते, कधी कुणी डबा ठेवतं. पेला ठेवला तर त्याची चौकशी करणारं आता कुणी नाही. थोरल्या मात्र निवृत्त होईपर्यंत अधूनमधून यायच्या. फडकं घेऊन पुसायच्या. आधी मधोमध, मग कडा, आणि तो डावा कोपरा सगळ्यात शेवटी.

मित्रांनो, तुम्हीही एखाद्या यंत्राला जपाल, पुसाल, त्यावर पेला ठेवणार नाही. ते छानच. पण त्याचं ठीक चाललंय का हे विचाराल, तेव्हा जिथे बटण आयतं टेकतं तिथेच विचारून परत फिरू नका. आणि घरी गेल्यावर जेवायला बसाल तेव्हा जरा बघा. तुमच्याकडेही एखादा कोपरा असेल, झटकन 'हो' म्हणणारा, सगळ्यांच्या वतीने बोलणारा. त्याच्यावर रागावू नका. वेळ पडली तर तोच उपयोगी पडतो. फक्त मधोमध कोण बसलंय, तिकडेही एकदा वळा. हाक बारीक असेल. कान जरा जवळ न्या.